एव्हबरी, विल्टशर: दगडांच्या रिंगणात वसलेलं गाव आणि सोबत सासूबाई

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार गावातून जाणाऱ्या रस्त्यासाठी कापलाय, ते पुढे येईलच.

तर झालं असं की ईस्टर मंडेची सुट्टी, सासूबाईंना नागपूरहून येऊन तीन आठवडे झालेले, लंडन बघून झालं, विंडसर बघून झालं, दुकानं तर इतकी झाली की त्या स्वतःच म्हणाल्या आता मले काही घ्यायचं नाही बाप्पा. नवरा म्हणाला स्टोनहेंज दाखवू. मी म्हटलं नको, आपण दोन वर्षांपूर्वी केलंय, भव्य आहे वगैरे सगळं मान्य, पण वीस पौंडांच्या वर तिकीट काढून एरवी दगडांभोवती लांबूनच गोल फिरायचं, आणि आईंना काहीतरी हाताने चाचपून बघितल्याशिवाय बघितल्यासारखं वाटतच नाही (भाजी असो, साडी असो). म्हणून एव्हबरी. स्टोनहेंजपासून सरळ रेषेत अठ्ठावीसेक किलोमीटर उत्तरेला, आम्हाला रेडिंगहून एम फोर मोटरवेने तासाभराचा रस्ता. १९८६ साली युनेस्कोने दोन्ही मिळून एकाच नोंदीत जागतिक वारसा यादीत घातलेत, तरी आमच्या ऑफिसात दहा जणांना विचारलं तर एव्हबरी दोघांना माहीत होतं.

आता हे आहे काय. एक छोटं खेडं, पन्नासेक घरं, चर्च, पब, कोठार, सगळं नेहमीच्या इंग्लिश खेड्यासारखं, फक्त हे खेडं थोडं बाहेर, थोडं आत असं बसलंय साडेचार हजार वर्षांहून जुन्या एका प्रचंड मातीच्या रिंगणात. बाहेर गोल तट, त्याच्या आत गोल खंदक, खंदकाच्या आतल्या काठाने दगडांचं मोठं वर्तुळ आणि त्या वर्तुळात अजून दोन लहान वर्तुळं. मोठ्या वर्तुळाचा व्यास ३३० मीटरच्या आसपास, जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ हेच. तिकीट नाही. वर्तुळात दिवसा कधीही जा, दगडाला हात लावा, पाठ टेकून बसा, कोणी शिट्टी वाजवत नाही. नॅशनल ट्रस्टचे (जुन्या वास्तू सांभाळणारी इथली संस्था) मेंबर नसाल तर पार्किंगचे पैसे आणि म्युझियमचं तिकीट, एवढाच खर्च.

कार पार्कमधून चालत गावात शिरलो तर सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया, "काऊन वं, एवढ्या लांब गोटे पाहाले आणलं का?" मी गप्प बसले, कारण पहिल्या दहा मिनिटात मलाही तसंच वाटलं होतं. एव्हबरी एका नजरेत दिसतच नाही. स्टोनहेंज कसं लांबूनच दिसतं, फोटो काढला की झालं. इथे मधे घरं येतात, झाडं येतात, रस्ता येतो, एक तुकडा इथे एक तुकडा तिथे, डोक्यात जोडत जावं लागतं. म्हणून माझं म्हणणं, आधी दगडांकडे जाऊच नका, आधी तटावर चढा. तटाचा घेर साधारण सव्वा किलोमीटर, रस्ते ओलांडत बहुतेक सगळा चालता येतो, आणि वरून खाली बघितलं की मग कळतं माणसांनी काय करून ठेवलंय ते.

आणि आपण किल्ले बघत वाढलेली माणसं, त्यामुळे एक गोष्ट आपल्याला लगेच खटकते जी इथल्या लोकांना समजावून सांगावी लागते. खंदक तटाच्या आत आहे! किल्ल्याला खंदक बाहेर असतो, शत्रू अडावा म्हणून. इथे उलटं. नवरा तटावर उभा राहून म्हणाला, हे लढाईसाठी नाहीच, उलट आतलं काहीतरी बाहेर येऊ नये म्हणून केल्यासारखं वाटतंय. अभ्यासकसुद्धा हेच म्हणतात की ही तटबंदी संरक्षणाची नाही, आतली जागा वेगळी, बाहेरची वेगळी, एवढं नक्की. विधींसाठी, जमण्यासाठी, नेमकं कशासाठी ते मात्र कोणी छातीठोक सांगत नाही आणि मला ते आवडलं.

खंदक आज दिसतो तो अर्धाच. मूळ खोली नऊ-दहा मीटर होती, म्हणजे तीन मजली घर आत मावेल, आता शतकानुशतकं माती ढासळून बराच भरलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे नावाच्या माणसाने काही ठिकाणी तळापर्यंत खणून बघितलं तेव्हा तळाशी हरणांच्या शिंगांच्या कुदळी सापडल्या. लोखंड नव्हतंच, जमीन सगळी खडूची, आपण फळ्यावर लिहायचो तोच खडूचा दगड, तो शिंगाने उकरायचा, टोपल्यांनी वर आणायचा आणि बाहेर टाकून तट रचायचा. आज सगळं हिरवंगार गवत आहे पण नवीन होतं तेव्हा हा तट पांढराशुभ्र असणार. आईंना हे सांगितलं तर त्या पहिल्यांदा नीट थांबल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "किती बाया राबल्या असन." एकाही पाटीवर बायांचा उल्लेख नाही हं, हे त्यांचं स्वतःचं.

मग दगड. हे दगड घडवलेले नाहीत. स्टोनहेंजचे तासलेले आहेत, एकावर एक आडवे ठेवलेले आहेत, इथे तसं काही नाही, डोंगरावर जसा मिळाला तसा आणून उभा केला. सारसेन म्हणतात या दगडाला, जवळच्या मार्लबरो डाउन्सवरून आणलेला, वाळूचाच पण भयंकर कडक. लांबून गवतात पडलेले दिसले तर मेंढ्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना ग्रे वेदर्स असंही नाव आहे, वेदर म्हणजे खस्सी केलेला मेंढा. आमची ईरा, वय वर्षे आठ, खरोखर एका दगडाला मेंढी समजून हळूहळू जवळ गेली आणि बाजूची खरी मेंढी उठून पळाली तेव्हा किंचाळली. मेंढ्या इथे सगळीकडे आहेत, गवत त्याच कापतात, त्यामुळे लेंड्याही सगळीकडे आहेत, चादर अंथरायच्या आधी बघून अंथरा.

उत्तरेच्या बाजूला रस्त्याला अगदी खेटून एक चौकटच्या पत्त्यासारखा टोकावर उभा असल्यासारखा दगड आहे, स्विंडन स्टोन, साठ टनांच्या आसपास वजन सांगतात. हजारो वर्षांत हा कधी पडलाच नाही. त्याच्या दोन हातांवरून गाड्या जातात. इथेच माझा अर्धा स्टार गेला. ए ४३६१ हा मोठा रस्ता थेट वर्तुळाच्या पोटातून जातो, वळणं घेत, आणि ट्रकसुद्धा जातात, लहान मूल सोबत असेल तर हात सोडू नका. अर्थात रस्ता नवा नाही, मूळ रिंगणाला चार बाजूंनी चार वाटा ठेवलेल्याच होत्या आणि गावाचे रस्ते त्याच वाटांतून आलेत, त्यामुळे कोणाला दोष द्यायचा म्हटलं तर तोही साडेचार हजार वर्षं मागे द्यावा लागेल.

मोठ्या वर्तुळात सुरुवातीला शंभरच्या आसपास दगड होते, आज जेमतेम तिसरा हिस्सा उरलाय. बाकीचे गेले कुठे? हीच खरी गोष्ट आहे एव्हबरीची आणि मला सगळ्यात जास्त तीच आवडली. गावानेच खाल्ले. चौदाव्या शतकाच्या सुमारास लोकांनी बरेच दगड पाडून पुरले, बहुधा सैतानाचे आहेत या भीतीने. नंतर सतराव्या-अठराव्या शतकात भीती गेली आणि व्यवहार आला, दगडाखाली खड्डा करून पेंढा पेटवायचा, दगड तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची आणि तडा गेला की घण घालायचा. तुकडे घरांना, भिंतींना, कुंपणांना. विल्यम स्टुकली नावाचा माणूस १७१९ पासून पुढची काही वर्षं इथे येऊन मोजमापं आणि चित्रं काढत होता, त्याच्या डोळ्यासमोर हे सगळं चाललं होतं, गावातल्या रॉबिन्सन नावाच्या माणसाला तर त्याने दगडांचा मारेकरीच म्हणून ठेवलंय. त्याने ते कागदावर उतरवलं नसतं तर कुठला दगड कुठे होता हेही आज कळलं नसतं. आता तुम्ही गावातून चालताना घरांच्या भिंती बघत चाला, राखाडी, ओबडधोबड, मोठमोठे चिरे दिसले की समजायचं. नवरा आणि मी अर्धा तास हाच खेळ खेळलो.

पुरलेल्या दगडांपैकी एकाची कथा म्युझियममध्ये आहे. १९३८ साली एक दगड उकरला तर त्याच्याखाली माणसाचा सांगाडा, सोबत कात्री, एक लोखंडी अणकुचीदार हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. म्हणजे न्हावी, तेव्हाचे न्हावी शस्त्रक्रियाही करायचे. दगड पाडताना अंगावर पडून मेला अशी गोष्ट लगेच तयार झाली. सांगाडा लंडनला पाठवला, तिथे युद्धात बॉम्ब पडला, सांगाडा गेला असं सगळे धरून चालले, आणि पन्नासेक वर्षांनी तो दुसऱ्याच म्युझियममध्ये सापडला, मग नीट तपासला तर चेंगरून मेल्याची खूणच नाही! मग कसा मेला, तिथे का पुरला, देव जाणे. आई म्हणाल्या, "मेल्यावरही सुखानं पडू नाही दिलं बिचाऱ्याले."

हा दगड उकरणारा माणूस अलेक्झांडर केलर. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मार्मलेडवाल्या केलर घराण्याचा वारस, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या पैशावर हे सगळं उभं आहे, आणि नागपूरकर कुटुंबाला हे कळल्यावर जी कॉलर ताठ झाली ती विचारू नका, संत्री स्पेनची होती हे मी मुद्दाम सांगितलं नाही. केलरने आधी जवळची विंडमिल हिल विकत घेतली, कारण तिथे रेडिओचा टॉवर यायचा घाट होता, मग गावात जमिनी घेतल्या, १९३० च्या दशकात पडलेले आणि पुरलेले दगड शोधून परत उभे केले आणि जिथे दगड मिळालाच नाही तिथे सिमेंटचे बुटके खांब लावले. ते खांब दिसायला अगदी सामान्य आहेत, कुरूपच म्हणा, पण त्यांच्यामुळेच वर्तुळ डोळ्यांना पुरं होतं. १९४३ साली त्याने सगळं नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना दिलं, म्हणजे शेतजमिनीच्या भावाने.

पण एक बाजू अजून आहे. रिंगणातली काही घरं पाडली गेली आणि माणसं बाहेर शेजारच्या एव्हबरी ट्रस्लोला नवीन घरात गेली. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची जागा नीट दिसावी म्हणून आजच्या माणसाने घर सोडायचं, हे मला तरी सहज पचत नाही. आणि तरीही ती मोकळी हिरवळ बघायला मीच तासभर गाडी चालवून आलेय, हेही आहेच.

आता जुन्या इमारती, ज्या लोक घाईत सोडून देतात आणि चूक करतात.

सेंट जेम्स चर्च रिंगणाच्या जरा बाहेर आहे, पश्चिमेला. मधला भाग सॅक्सन काळातला, म्हणजे हजारेक वर्षांचा, भिंतीत उंचावर छोट्या गोल खिडक्या आहेत त्या तेव्हाच्या. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र बघा, त्यावर एक बिशप कोरलाय आणि बाजूला दोन सापासारखे प्राणी. काहींच्या मते हा जुन्या धर्माला नव्या धर्माने हरवल्याचा देखावा, दगडांच्या गावात तसं वाटणं साहजिक आहे, पण असे साप-ड्रॅगन तेव्हा सगळीकडेच कोरायचे. मला स्वतःला सगळ्यात आवडला तो मधला लाकडी सज्जा, पंधराव्या शतकातला. धर्मसुधारणेच्या काळात असे सज्जे काढून टाकायचे हुकूम निघाले होते आणि देशभर बहुतेक तोडले गेले. इथल्या लोकांनी तोडला नाही, लपवला, वर भिंत करून टाकली, आणि १८१० साली भिंत काढली तेव्हा मागून हा निघाला. दगड फोडणारं गाव तेच आणि सज्जा अडीचशे वर्षं लपवून ठेवणारं गावही तेच, आता काय म्हणावं.

रिंगणाच्या आत एक छोटं चॅपल आहे, फोडलेल्या सारसेनचं बांधलेलं. १६६५ च्या एका कायद्याने सरकारी चर्च न मानणाऱ्या पाद्र्यांना शहरांपासून पाच मैलांच्या आत यायला बंदी होती, आणि एव्हबरी आजूबाजूच्या शहरांपासून पाच मैलांपेक्षा थोडं लांब, म्हणून ही मंडळी इथे जमायची. पळवाट शोधण्यात माणूस सगळीकडे सारखाच.

कोठार सतराव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं, आत लाकडी तुळयांचं छप्पर बघून मान दुखते. तिथे आणि बाजूच्या तबेल्यात म्युझियम आहे. तबेल्यातलं लहान पण दाट, केलरने १९३८ मध्ये सुरू केलेलं. तिथे विंडमिल हिलच्या खंदकात सापडलेला साधारण तीन वर्षांच्या मुलाचा सांगाडा आहे, टोपणनाव चार्ली. आजच्या काळातल्या ड्रुइड पंथाच्या (ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या श्रद्धा मानणाऱ्या) लोकांनी २००६ मध्ये मागणी केली की हा आमच्या पूर्वजांचा, याला परत पुरा, मग रीतसर विचारविनिमय झाला आणि २०१० मध्ये म्युझियममध्येच ठेवायचं ठरलं. ईराने विचारलं त्याला कोणी विचारलं का. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना आधीच सांगते, हा प्रश्न येणार. कोठारासमोर गोल दगडी कबुतरखाना आहे, सोळाव्या शतकातला, कबुतरं खाण्यासाठी पाळायचे हे आईंना मी सांगितलं नाही.

मॅनर, म्हणजे जमीनदाराचा वाडा, सोळाव्या शतकातला. २०११ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी त्याच्या खोल्या वेगवेगळ्या काळाप्रमाणे सजवल्या, एका खोलीला हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर, आणि खुर्च्यांवर बसायला परवानगी, जे अशा वाड्यात कधीच नसतं. पण २०२४ च्या जानेवारीत पुराचं पाणी आत शिरलं आणि आम्ही गेलो तेव्हा आतून बंद होता, त्यामुळे वाडा माझ्या रेटिंगमध्ये धरलेला नाही, निघायच्या आधी वेबसाइटवर चालू आहे का बघून घ्या.

रेड लायन पब. दगडी वर्तुळाच्या आत असलेला जगातला एकमेव पब, गवताचं छप्पर, आत एक खोल जुनी विहीर आहे तिच्यावर काच बसवून टेबल केलंय आणि भुताची गोष्टही आहे अर्थात. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून चिप्स आणि सायडर घेतलं, समोर दगड, गरम चिप्स, ऊन, अजून काय पाहिजे. जेवण घरचं होतं, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, ते आधीच तटाच्या उतारावर बसून संपवलं होतं.

पूर्वेच्या वाटेजवळ तटावर मोठमोठी बीच झाडं आहेत, मुळं सगळी जमिनीवर, एकमेकांत गुंतलेली, आणि फांद्यांना रंगीत फिती, चिंध्या, कागदावर लिहिलेली नावं बांधलेली. आई तिथे सगळ्यात जास्त वेळ रमल्या. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही, पर्समधून केसांची रिबीन काढली आणि बांधायला निघाल्या. मी हळूच थांबवलं, झाडाला त्रास होतो म्हणून. तोंड वाकडं झालं, पण रिबीन परत पर्समध्ये गेली. मनात काय बोलल्या ते त्या आणि ते झाड.

दुपारी सिल्बरी हिलकडे निघालो. गावातून पायवाट आहे, अर्ध्या तासाची. ही टेकडी नाही, माणसांनी रचलेला ढीग आहे, उंची जवळपास ४० मीटर, पायथ्याचा व्यास १६० मीटर, इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमाराचा, युरोपातला सगळ्यात मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित ढिगारा. आत काय आहे? काहीच नाही! हेच तर आहे. १७७६ मध्ये माथ्यावरून सरळ खाली विवर खणलं, १८४९ मध्ये बाजूने बोगदा, १९६८ मध्ये बीबीसीच्या पैशाने पुन्हा बोगदा, प्रत्येकाला राजा किंवा सोनं पाहिजे होतं आणि प्रत्येकाला माती मिळाली. मग २००० साली ते जुनं विवर माथ्यावर खचलं, मोठा खड्डा पडला आणि २००७-०८ मध्ये सगळे बोगदे खडू भरून बुजवावे लागले. म्हणजे बनवणाऱ्यांनी इतकं पक्कं बनवलं की चार हजार वर्षं हललं नाही आणि आपण सव्वादोनशे वर्षांत पोखरून ठेवलं. आता चढायला मनाई आहे, आणि ती पाळाच. १६६३ मध्ये राजा दुसरा चार्ल्स मात्र चढला होता, त्याला घेऊन जाणारा जॉन ऑब्री. या ऑब्रीनेच १६४९ मध्ये शिकारीला आलेला असताना एव्हबरीचे दगड पहिल्यांदा ओळखले, आणि नंतर लिहून ठेवलं की स्टोनहेंजच्या तुलनेत हे म्हणजे साध्या गावच्या चर्चपुढे कॅथीड्रल. माझ्या रिव्ह्यूला एवढा जुना पाठिंबा आहे.

ईस्टरच्या सुमाराला सिल्बरीच्या भोवती पाणी साचलेलं असतं, आम्ही गेलो तेव्हा होतं, पाण्यात टेकडीचं पूर्ण उलटं प्रतिबिंब. फोटोसाठी हीच वेळ.

त्यापुढे रस्ता ओलांडून (ए फोर, गाड्या जोरात येतात) शेतातून चढ चढून वेस्ट केनेट लाँग बॅरो. इथे माझी चूक झाली. फोनवरच्या मॅपने जवळची वाट दाखवली, मी शहाणपणा करून तीच घेतली आणि सगळा चिखल, खडूचा चिखल, साबणासारखा. आई घसरल्या, बसल्याच खाली, माझ्या पोटात गोळा आला आणि त्या हसायला लागल्या. साडीवर माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून आल्या होत्या म्हणून निभावलं. आखलेल्या वाटेनेच जा.

बॅरो म्हणजे मातीखाली दगडी कोठड्यांची समाधी, इसवी सनापूर्वी साधारण ३६५० ची, म्हणजे दगडी वर्तुळापेक्षाही कित्येक शतकं जुनी. लांबी शंभरेक मीटर पण आत जाता येतं ते फक्त पूर्वेच्या टोकाला, तोंडावर प्रचंड दगड आडवे लावून बंद केलेलं, त्यांच्या मागून वळून आत जायचं. पाच कोठड्या, वाकायची फार गरज नाही, १९५५-५६ च्या उत्खननानंतर छपरात काचा बसवल्यात त्यातून उजेड येतो. छत्तीसेक माणसांचे अवशेष मिळाले, बायका, पुरुष, मुलं, आणि अलीकडच्या कालमापनातून असं दिसलं की हे सगळे एकदोन पिढ्यांत इथे ठेवले गेले. मला तर वाटायचं शतकानुशतकं चाललेली स्मशानभूमी असेल, प्रत्यक्षात एकमेकांना ओळखणारी माणसं. आत एका दगडावर हात फिरवला तर एक भाग काचेसारखा गुळगुळीत लागतो, तिथे दगडी कुऱ्हाडी घासायचे. हे नक्की शोधा. आम्ही चौघं आत होतो, बाहेर वारा, आत एकदम शांत, कोणीतरी ठेवलेली डॅफोडिल्स आणि विझलेली मेणबत्ती, आणि आई त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवून किती वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पाट्याले असाच गुळगुळीतपणा येते, माझ्या सासूच्या पाट्याले होता." दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या माहितीत मला हे एकच वाक्य पाठ झालंय.

परत येताना मी त्यांना सांगितलं की हे सगळं वाचवण्यात जॉन लबक नावाच्या बँकर खासदाराचा मोठा हात आहे. वर्तुळाच्या जागेत घरं उभी राहणार होती तेव्हा त्याने जमीन घेतली, १८८२ मध्ये प्राचीन वास्तू वाचवायचा इथला पहिला कायदा आणला, नंतर लॉर्ड झाला तर पदवीही एव्हबरीचीच घेतली. आणि १८७१ चा बँक हॉलिडेचा कायदाही त्याचाच, त्यात ईस्टर मंडे आहे, म्हणजे आज ज्या सुट्टीत आपण आलो ती सुट्टीही त्यानेच दिलेली. नवरा खूश. आई शांत. मग म्हणाल्या, "असे गोल गोटे त काटोल रोडले पण आहेत म्हणते, जुनापाणीले. तिथं कोणी नाही नेलं मले कधी."

आता यावर काय बोलणार. खरंच आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, थोडीथोडकी नाही तर तीनशेच्या आसपास, लोहयुगातली, दफनाची, रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलंय, काही दगडांवर वाटीसारखे खड्डे कोरलेले आहेत. एव्हबरीपेक्षा बरीच नंतरची आणि आकाराने लहान, जातकुळीही वेगळी, पण आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. त्या रस्त्याने मी कॉलेजच्या ट्रिपला गेलेय, डब्बा पार्टीला गेलेय, एकदाही गाडी थांबवली नाही. डिसेंबरच्या तिकिटांबरोबर हेही ठरलंय, ईराने यादीत लिहून फ्रिजवर लावलंय.

बाकी कामाची माहिती पटकन. गाडी नसेल तर ट्रेनने स्विंडन आणि तिथून ४९ नंबरची बस, पण सुट्टीच्या दिवशीचं टाइमटेबल आधी बघा. अर्ध्या दिवसात उरकायला जाऊ नका, नुसतं वर्तुळ आणि म्युझियमलाच तीन तास लागतात, सिल्बरी आणि बॅरो धरून पूर्ण दिवस. पाट्या कमी आहेत त्यामुळे घरूनच थोडं वाचून जा, नाहीतर खरंच गोटे बघून याल. वारा कायम असतो, एप्रिलमध्येही कानटोपी लागते. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर गावातले रस्ते आणि कोठार जमेल, तट आणि बॅरो नाही जमणार. मेंढ्यांमुळे कुत्रा असेल तर पट्टा हातात. आणि रात्रीचं जेवण स्विंडनमध्ये करा, तिथे गोवेकर मंडळी भरपूर आहेत, आम्ही एका छोट्या ठिकाणी शाकुती खाल्ली, आईंनी नुसती सोलकढी दोन ग्लास.

निघताना दुकानात नवऱ्याने दगडी वर्तुळाचा नकाशा घेतला, ईराने एक सारसेनचा म्हणून कुठलासा खडा मागितला तो दिला नाही. मले काही घ्यायचं नाही म्हणणाऱ्या सासूबाईंनी बराच वेळ सगळं चाचपून बघून मेंढीचं चित्र असलेलं भांडी पुसायचं फडकं घेतलं, तेही तीन, भिशीतल्या बायकांसाठी.